धावत्या साखळीला लगाम

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले. मलाया त्याआधीच गेला होता. मार्चमध्ये डच ईस्ट इंडीजही गेले. अमेरिकेला लागणाऱ्या नैसर्गिक रबराचा सुमारे ९० टक्के पुरवठा ज्या मळ्यांतून होत असे, ते मळे काही आठवड्यांत जपानच्या ताब्यात आले. ट्रक, विमाने, तोफांचे गाडे यांतले काहीच रबराशिवाय हलणारे नव्हते. आणि १९४१ सालच्या अमेरिकेत टायरला चालेल असे कृत्रिम रबर वर्षभरात बनले होते अवघे २३१ टन.

फायरस्टोन, गुडरिच, गुडइयर, यू. एस. रबर आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी या एरवी पेटंटांवरून झगडणाऱ्या कंपन्यांना सरकारने एका टेबलाशी बसवले. त्यातून सगळ्यांसाठी मिळून एकच कृती ठरली. ब्युटाडाइन ७५ भाग, स्टायरीन २५ भाग, पाणी १८० भाग, साबण ५ भाग, पोटॅशियम पर्सल्फेट ०.३ भाग आणि डोडेसिल मर्कॅप्टन ०.५ भाग. हे सगळे बंद भांड्यात ५० अंश सेल्सिअसला ढवळत ठेवायचे. एप्रिल १९४२ मध्ये फायरस्टोनच्या कारखान्यातून या रबराचा पहिला गठ्ठा निघाला. १९४५ पर्यंत देशभरातले उत्पादन महिन्याला ७०,००० टनांवर पोहोचले.

या यादीतला शेवटचा घटक वासाने नकोसा आणि प्रमाणाने अगदी क्षुल्लक. पण तो नसता तर हे रबर रोलरखाली मळताच आले नसते. जर्मनीने १९३० च्या दशकात ब्युना एस हे रबर बनवले, तेव्हा त्यांना नेमकी हीच अडचण आली होती. रबराच्या रेणूंच्या साखळ्या इतक्या लांब वाढत आणि एकमेकींत इतक्या गुंतत की माल चिवट, दगडासारखा हट्टी होई. मग तो गरम हवेत ठेवून, साखळ्या तोडून मऊ करावा लागे. अमेरिकन कृतीत मर्कॅप्टन साखळीला वाढता वाढताच आवर घालत असे आणि पर्सल्फेटच्या जोडीने अभिक्रिया सुरू व्हायलाही मदत करत असे. वेग आणि साखळीची लांबी या दोन्ही गोष्टी त्या अर्ध्या भागाच्या हातात होत्या.

पॉलिमरच्या इतिहासात साधारणपणे नव्या पदार्थांची नावे सांगितली जातात: पॉलिथिन, पॉलिस्टायरीन, अ‍ॅक्रिलिक. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी कथा. मुक्तमूलकाने सुरू होणारी साखळीची ही धावपळ माणसाने हळूहळू ताब्यात कशी घेतली, ही ती कथा. आणि ती वाचताना एक गोष्ट पुन:पुन्हा समोर येते. साखळी वाढते कशी याकडे सगळ्यांचे लक्ष असते. पण तिचा वेग आणि तिचे माप ठरते ते तिच्या आरंभाशी आणि अंताशी.

साखळ्यांच्या अस्तित्वावरच विश्वास बसायला वेळ लागला होता. हेर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये झुरिकमधून मांडले की रबर, पॉलिस्टायरीन यांसारखे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे सैलसर पुंजके नव्हेत. हजारो घटक नेहमीच्याच पक्क्या बंधांनी जोडून झालेले ते एकेक प्रचंड रेणू आहेत. अनेक नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी ते नाकारले. पुढे पुरावे साचत गेले आणि १९५३ मध्ये स्टाउडिंगर यांना नोबेल मिळाले. पण एवढे मोठे रेणू आहेत हे मान्य झाल्यावर पुढचा प्रश्न लगेच आला: ते सगळे एकाच मापाचे का नसतात?

या प्रश्नाला गणिताची शिस्त दिली पॉल फ्लोरी यांनी. १९३४ मध्ये ते ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली रुजू झाले. नायलॉन जन्माला येत होते तो हा काळ. फ्लोरींनी साखळ्यांच्या लांबीकडे संभाव्यतेचा प्रश्न म्हणून पाहिले. प्रत्येक पायरीवर साखळीने पुढे वाढायचे की थांबायचे हे नशिबावर ठरत असेल, तर काही साखळ्या लवकर संपणार, काही फार पुढे जाणार, आणि या विखुरण्याला ठरावीक आकार असणार. फ्रायबुर्गमध्ये जी. व्ही. शुल्झही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते. आज ते वितरण दोघांच्या नावाने ओळखले जाते.

मूलकाची गोष्ट अशी. आरंभक, म्हणजे अभिक्रिया सुरू करून देणारा पदार्थ, तापवला की त्याचा रेणू तुटतो आणि जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे दोन तुकडे तयार होतात. असा तुकडा, म्हणजे मूलक, मोनोमरच्या, म्हणजे साखळीत जोडल्या जाणाऱ्या लहान रेणूच्या, दुहेरी बंधावर जाऊन बसतो. इलेक्ट्रॉन साखळीच्या नव्या टोकाला सरकतो. ते टोक पुढचा मोनोमर घेते. हे चालू असताना दोन वाढती टोके समोरासमोर आली की त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांशी जुळतात आणि दोन्ही साखळ्या जागीच संपतात. जन्म, वाढ आणि अंत हे सगळे साधारण एका सेकंदाच्या आत उरकते. तेवढ्यात शेकडो, कधी हजारो मोनोमर जोडले गेलेले असतात.

१९३७ मध्ये फ्लोरींनी यात चौथी पायरी दाखवली. वाढते टोक शेजारच्या एखाद्या रेणूकडून हायड्रोजनसारखा अणू ओढून घेते, स्वतः शांत होते आणि मूलकपण त्या शेजाऱ्याकडे जाते. ती साखळी संपते, पण नवी लगेच सुरू होते. त्यामुळे अभिक्रियेचा वेग फारसा बदलत नाही, साखळी मात्र आखूड होते. युद्धातले मर्कॅप्टन नेमके हेच करत होते. त्याच्या गंधकाला चिकटलेला हायड्रोजन मूलकाला सहज काढता येतो. यू. एस. रबरच्या प्रयोगशाळेतल्या फ्रँक मेयो यांनी १९४३ मध्ये या हस्तांतराचे सूत्र दिले. किती प्रमाणात काय घातले तर साखळी किती लांबीची होईल, हे त्यानंतर आधी हिशेब करून सांगता येऊ लागले. फ्लोरी स्वतःही युद्धकाळात आधी स्टँडर्ड ऑइलच्या आणि मग अ‍ॅक्रनला गुडइयरच्या प्रयोगशाळेत रबराच्याच प्रश्नांवर काम करत होते.

तरी मूळ पेच तसाच राहिला. साखळी सुरू करायला एक मूलक लागतो, संपवायला दोन. यातून एक कठोर नियम निघतो: आरंभक चौपट केला तर वेग दुप्पट होतो, पण साखळीची सरासरी लांबी निम्म्यावर येते. घाई केली की साखळ्या तोकड्या. तापमान वाढवले तरी तेच. शिवाय मापातला विखुरलेपणा काही केल्या जात नाही. रसायनशास्त्रज्ञ तो एका गुणोत्तराने मोजतात: रेणुभाराची वजनावर काढलेली सरासरी भागिले संख्येवर काढलेली सरासरी. सगळ्या साखळ्या तंतोतंत सारख्या असतील तर उत्तर १ येते. साध्या मूलक-पद्धतीत अगदी आदर्श परिस्थितीतही ते १.५ किंवा २ च्या खाली उतरत नाही. कारखान्यात तर ते आणखी वर जाते, कारण मोनोमर कमी होत जातो, आरंभक संपत जातो, तापमान हलते, आणि सकाळी जन्मलेल्या साखळीची परिस्थिती दुपारी जन्मलेल्या साखळीला मिळत नाही.

साखळीचा अंत थांबला तर काय होते, हे अ‍ॅक्रिलिकच्या काचा ओतणाऱ्यांनी धोक्याच्या स्वरूपात पाहिले होते. मिथाइल मेथाक्रिलेट साच्यात ओतून तापवले की काही वेळ सगळे सुरळीत चालते. मग द्रव घट्ट होऊ लागतो. लांब साखळ्यांची टोके त्या घट्ट द्रवात एकमेकांपर्यंत पोहोचू शकत नाहीत. चिमुकला मोनोमर मात्र अजून सहज फिरत असतो. अंत मंदावतो, वाढ चालूच राहते, मूलकांची संख्या चढत जाते. वेग एकाएकी वाढतो, त्याबरोबर उष्णता वाढते आणि ती उष्णता वेग आणखी वाढवते. काचेत बुडबुडे येतात. मोठ्या भांड्यात हाच प्रकार अपघातापर्यंत जाऊ शकतो. नॉरिश आणि स्मिथ यांनी १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये आणि ट्रॉम्सडॉर्फ यांनी त्याच दशकात जर्मनीत, डार्मश्टाटच्या रोम अँड हास कंपनीत, या वर्तनाचा उलगडा केला. म्हणून जाड अ‍ॅक्रिलिक काच आजही सावकाश, उष्णता वाहून नेत नेत ओतावी लागते.

साबणाच्या पाण्यातली रबराची कृती मात्र वेग की लांबी या पेचातून अंशतः सुटली होती, आणि ते का हे युद्धानंतर कळले. शिकागोत विल्यम हार्किन्स यांनी दाखवले की अभिक्रिया मोनोमरच्या मोठ्या थेंबांत होत नाही. ती साबणाच्या सूक्ष्म पुंजक्यांपासून बनलेल्या असंख्य कणांत होते. १९४८ मध्ये यू. एस. रबरच्या वेंडेल स्मिथ आणि रॉसवेल युअर्ट यांनी त्यावर सिद्धान्त उभारला. एका कणात एक मूलक शिरला की तो एकटा असतो. दुसरा मूलक आत येईपर्यंत त्याला संपवणारे तिथे कोणी नाही. कण जितके जास्त, तितके एकाच वेळी वाढणारे मूलक जास्त आणि प्रत्येकाला मिळणारा निवांत वेळही जास्त. म्हणजे वेग आणि लांबी, दोन्ही एकदम वाढतात. याच ज्ञानाला नव्या आरंभकांची जोड मिळाली आणि ५० अंशांऐवजी ५ अंशांना बनणारे, टायरला अधिक टिकाऊ ठरणारे ‘कोल्ड रबर’ आले. मापाचा विखुरलेपणा मात्र याही कृतीत गेला नाही.

तो घालवता येतो हे मूलकांच्या वाटेने न जाता सिद्ध झाले. पोलंडमध्ये जन्मलेले मायकेल श्वार्क १९५० च्या दशकात न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या वनविद्या महाविद्यालयात शिकवत होते. १९५६ मध्ये त्यांनी सोडियम आणि नॅफ्थलीनच्या हिरव्या द्रावणात स्टायरीन घातले. द्रावण लाल झाले आणि सगळा स्टायरीन साखळ्यांत गेला, तरी लाल रंग टिकून राहिला. पुन्हा स्टायरीन घातल्यावर त्याच साखळ्या पुढे वाढल्या. या साखळ्यांच्या टोकाशी ऋण प्रभार होता, आणि समान प्रभाराची दोन टोके एकमेकांना संपवू शकत नाहीत. सगळ्या साखळ्या एकदम सुरू झाल्या, एकत्र वाढल्या, एका मापाच्या झाल्या. श्वार्क यांनी त्यांना ‘जिवंत’ म्हटले. मोनोमर बदलून एकाच साखळीत दोन-तीन वेगळ्या पदार्थांचे सलग तुकडे गुंफणेही शक्य झाले. बुटांचे तळ आणि चिकटद्रव्ये यांत वापरले जाणारे, तापवल्यावर वितळणारे रबर त्यातूनच आले.

पण या पद्धतीला पाण्याचा एखादा थेंब किंवा हवेची एक झुळूकही सोसत नाही, आणि अनेक उपयोगी मोनोमर तिथे चालतच नाहीत. मूलक उलट सोशिक: पाण्यात चालतो, नाना प्रकारचे मोनोमर स्वीकारतो. म्हणून जगातले जवळपास निम्मे पॉलिमर मूलकांच्याच वाटेने बनत राहिले. श्वार्कचा नेमकेपणा आणि मूलकाचा सोशिकपणा एकत्र येणे अशक्य, असे पुढची कित्येक वर्षे बहुतेकांनी धरून चालले. कारण उघड होते: दोन मूलकांना एकमेकांपासून दूर ठेवणारा प्रभारच नाही.

पहिली फट जपानमध्ये पडली. ओसाका सिटी विद्यापीठातले ताकायुकी ओत्सु यांनी १९८२ मध्ये गंधकयुक्त संयुगे वापरली. प्रकाश पडला की ही संयुगे तुटून मूलक देत आणि वाढत्या टोकावर पुन्हा जाऊन बसत. टोक काही काळ बंद, मग पुन्हा खुले. साखळ्यांची मापे अजून विषम येत होती, पण साखळीचा शेवट उलटवता येतो हे दिसले.

दुसरी फट पडली साखळीच्या आरंभाच्या अभ्यासातून. मेलबर्नमध्ये सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधनसंस्थेत डेव्हिड सोलोमन आणि एझिओ रिझार्डो यांना नेमके हे पाहायचे होते की आरंभकाचा तुकडा पहिल्या मोनोमरवर कुठे आणि कसा बसतो. क्षणभर टिकणारा मूलक पाहण्यासाठी त्यांनी तो नायट्रॉक्साइड नावाच्या स्थिर मूलकाने पकडायला सुरुवात केली. नायट्रॉक्साइड दुसऱ्या नायट्रॉक्साइडशी जुळत नाही, पण कार्बनच्या मूलकाला चटकन धरतो. पुरेसे तापवल्यावर ही पकड सुटते, हे त्यांच्या लक्षात आले. सुटल्यावर साखळी दोन-चार मोनोमर घेते आणि पुन्हा पकडली जाते. १९८४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८६ मध्ये ते मिळाले. त्याच सोलोमन यांनी ऑस्ट्रेलियाला प्लॅस्टिकच्या नोटा देणाऱ्या प्रकल्पाचेही नेतृत्व केले होते. नोटांची बातमी जगभर झाली. या पेटंटकडे मात्र काही वर्षे फारसे कोणी पाहिले नाही.

१९९३ मध्ये कॅनडातल्या मिसिसॉगाच्या झेरॉक्स संशोधन केंद्रातून मायकेल जॉर्जेस आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी स्टायरीनमध्ये नेहमीचा बेंझॉइल पेरॉक्साइड आणि टेम्पो नावाचा नायट्रॉक्साइड घालून ते १२३ अंशांना जवळपास तीन दिवस तापवले. साखळ्यांच्या मापातला विखुरलेपणा मोजणारे गुणोत्तर १.३ च्या खाली आले. मूलकांच्या अभिक्रियेला अभेद्य वाटणारी १.५ ची रेषा ओलांडली गेली होती.

हे कसे घडले, याचे सर्वांत सुंदर उत्तर झुरिकचे हान्स फिशर यांनी दिले. अशा मिश्रणात दोन प्रकारचे मूलक असतात. वाढती टोके एकमेकांना संपवतात. नायट्रॉक्साइड मात्र एकमेकांना संपवत नाहीत. म्हणून सुरुवातीला दोन टोके जुळून संपली की त्यांचे दोन नायट्रॉक्साइड मागे उरतात. असे काही शेष साचले की पुढच्या प्रत्येक टोकाची दुसऱ्या टोकाऐवजी नायट्रॉक्साइडशी गाठ पडण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. थोडेसे मृत्यू होतात आणि त्या मृत्यूंमुळेच पुढचे मृत्यू टळतात. बाहेरून कोणी नियंत्रण करत नसताना ही व्यवस्था स्वतःला सावरते.

मग बहुतेक साखळ्या बहुतेक वेळ निजलेल्या असतात आणि एखादीच जागी होऊन वाढते. पंगतीत वाढपी एका पानावर सगळे पातेले रिकामे करत नाही. एकेक पळी वाढत पुढे सरकतो आणि फिरून पहिल्या पानाशी येतो. या साखळ्यांना मोनोमर मिळतो तो तसाच, पाळीपाळीने. ज्या साखळीचे आयुष्य पूर्वी एका सेकंदात संपत असे, तिचा तोच एक सेकंद आता दिवसभरात विभागला जातो. सगळ्या जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात आणि एकाच मापाला पोहोचतात.

किंमत अर्थातच वेळेत मोजावी लागते. मूलक जितके कमी, तितके अंत कमी, आणि वेगही तितकाच कमी. जॉर्जेस यांच्या गटाला ते लगेच जाणवले. साचलेला जादा नायट्रॉक्साइड संपवण्यासाठी त्यांनी मिश्रणात आम्ल घालून पाहिले आणि वेग वाढला. त्यानंतरची सगळी प्रगती म्हणजे या किमतीवरची घासाघीस आहे.

१९९५ मध्ये दोन ठिकाणांहून जवळजवळ एकदम नवा सौदा पुढे आला. क्योटोत मित्सुओ सावामोतो यांच्या गटाने रुथेनियमचे संयुग वापरले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात क्रिस्तोफ मातिशेव्स्की आणि जिन-शान वांग यांनी तांबे वापरले. दोघांनाही धन प्रभारावर वाढणाऱ्या साखळ्यांचा जुना अनुभव होता, आणि तिथे निजलेल्या साखळीची कल्पना रुळलेली होती. धातू साखळीच्या टोकावरचा क्लोरीन किंवा ब्रोमीन काढून घेतो, टोक जागे होते. धातू तो परत करतो, टोक झोपते. धातूच्या भोवतालचे रेणू बदलून जागे होण्याचा आणि झोपण्याचा वेग हवा तसा बसवता येऊ लागला. अ‍ॅक्रिलेट, मेथाक्रिलेट, स्टायरीन, सगळे या वाटेने जाऊ लागले. सुरुवातीला धातू फार लागे आणि मालात रंग उरे. २००६ पासून क जीवनसत्त्वासारख्या सौम्य पदार्थांनी तांबे पुन्हा कामाला लावून त्याचे प्रमाण दशलक्षात काही भागांवर आणले गेले.

आणि १९९८ मध्ये मेलबर्नमधूनच तिसरा मार्ग निघाला. रिझार्डो, ग्रॅम मोड आणि व्हिएतनामातून निर्वासित म्हणून ऑस्ट्रेलियात आलेले सान थांग यांनी गंधकाची अशी संयुगे शोधली, जी मूलकाला झोपवत नाहीत, त्याचे मूलकपण एका साखळीकडून दुसरीकडे फिरवत ठेवतात. ही पद्धत राफ्ट म्हणून ओळखली जाते. फ्लोरींनी १९३७ मध्ये दाखवलेले हस्तांतर इथे उलटेही चालणारे झाले. यात मूलकांची एकूण संख्या घटवावी लागत नाही, म्हणून तत्त्वतः वेगही फारसा गमवावा लागत नाही. साखळ्या किती होणार हे घातलेल्या गंधकसंयुगाच्या प्रमाणावर ठरते. किमतीत इथे मालाचा गुलाबी-पिवळा रंग आणि गंधकाचा वास येतो. काही संयुगांनी अभिक्रिया मंदावतेही.

या तिन्ही मार्गांनी जुने कारखाने बंद पाडले नाहीत, आणि पाडायची गरजही नव्हती. पिशवीच्या पॉलिथिनला किंवा कपाच्या पॉलिस्टायरीनला साखळ्या एका मापाच्या असण्याची गरज नसते. लांब-आखूड साखळ्यांचे मिश्रण यंत्रातून सोपे वाहते. तिथे स्वस्ताई आणि वेग महत्त्वाचे, आणि मर्कॅप्टनसारखा आवर पुरेसा. पण साखळीच्या दोन्ही टोकांना ठरावीक गट हवेत असे सीलंट, रंगद्रव्याचे कण वेगळे ठेवणारी द्रव्ये, इंजिन ऑइलचा दाटपणा सांभाळणारे तारकाकृती रेणू, औषध वाहून नेणारे पॉलिमर या जागी वेळ मोजून माप विकत घेणे परवडते. जपानच्या कानेका कंपनीने तांब्याच्या मार्गाने बनवलेले अ‍ॅक्रिलिक सीलंट बाजारात आणले, ते याच हिशेबाने.

साठ वर्षांच्या या वाटचालीत मूलकाचा स्वभाव कोणीही बदलला नाही. तो आजही तितकाच उतावळा आहे, आणि दोन मूलक भेटले की आजही संपतात. बदलले ते आपले लक्ष. फ्लोरींनी साखळीच्या थांबण्याचा हिशेब मांडला, स्मिथ-युअर्टनी मूलक एकटा असण्याचे मोल ओळखले, सोलोमन आणि रिझार्डो पहिल्याच बंधापाशी थांबून पाहत राहिले, फिशर यांनी मृत्यूंची बाकी तपासली. उपयोगाचा विचार नंतर आला. आधी एवढेच होते की या माणसांना एका सेकंदाच्या आत काय घडते हे नीट समजून घ्यायचे होते. नियंत्रण त्या समजुतीतून आले. वेगाच्या हव्यासाने ते कधीच आले नसते.